लंकाबाईंच्या अंगणातली पिकअप

तीस वर्षं अंगणवाडीत पोरं सांभाळून लंकाबाईंनी पिंपळगावात घर बांधलं, पुढं अंगण राखलं. शेजारचा शेखर तिथं पिकअप लावायचा, पण विचारून. "मावशी, लावू का?" दिवाळीपासून त्यानं विचारणंच सोडलं.

वैतागून लंकाबाई वकिलाकडे गेल्या. वकील म्हणाले, "टायरची हवा सोडू नका. लेखी नोटीस देऊ. नाही ऐकलं तर कोर्टातून मनाई आणू. गाडी हलेलच."

नोटीस पोचल्याच्या चौथ्या सकाळी लंकाबाईंनी दार उघडलं. पिकअप नव्हती. तिच्या जागी शेंदूर फासलेला धोंडा होता आणि शेखर अगरबत्ती लावत होता.

"काढली ना गाडी, मावशी? आता वकिलाला म्हणावं, देव काढ. या, पाया पडा."

फाटकातून गल्लीतल्या बायका नारळ घेऊन आत येत होत्या. लंकाबाईंना कुणीच विचारलं नाही.