चालू करायचा का जपायचा?

टीव्हीमामा जुना टीव्ही आधी नाकाने तपासत. मागची जाळी उघडायची, आत नाक खुपसायचं, डोळे मिटायचे. मग गिऱ्हाइकाला त्यांचा ठरलेला प्रश्न असे, चालू करायचा का जपायचा? गिऱ्हाईक म्हणे, दोन्ही करा. मामा वैतागत.

कारण त्यांच्या लेखी ती दोन वेगळी कामं होती. चालू करायचा तर जुने कंडेन्सर उपटायचे, वायरी बदलायच्या, लाकूड घासून पॉलिश मारायचं. जपायचा तर धूळ झटकून हात मागे घ्यायचा. "म्हाताऱ्या माणसाला नाचवायचं का नुसतं समोर बसवायचं, ते घरच्यांनी ठरवावं. मी कोण?" असं ते म्हणत.

मामा दौंडच्या रेल्वे शेडमधून निवृत्त झालेले. रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायचे, एरवी घराच्या पडवीतच त्यांचं दुकान. मी शेजारची. यवतच्या शाळेतून शिकवून परतले की चहाला तिथेच टेकायचे. यवतच्या एका ढाबेवाल्याला जुन्या टीव्हीच्या खोक्यात मासे पाळायचे होते. मामांनी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

मग निमोण्याहून एक तरुण टेम्पोतून शटरचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही घेऊन आला. आबांचा, म्हणजे त्याच्या वडिलांचा. आई वारल्यापासून आबा गप्प गप्प असतात, जुना टीव्ही लागला तर बरं वाटेल, एकदम नवा करा, असं तो म्हणाला. मामांना त्या पोराचं कौतुक वाटलं. कडेच्या फळीवर कुंकवाची पाच बोटं उठलेली होती, दसऱ्याची. ती मामांनी पाहिली होती. शेडमध्ये यंत्रांची पूजा असायची तेव्हा जुनं कुंकू पुसूनच नवं लावत. मामा ख्रिस्ती असले तरी पुसायचं काम हौसेने करत. त्याच सवयीने त्यांनी फळी घासली, पॉलिश मारलं, वर केबलचा डबा जोडून चित्रही आणलं.

न्यायला आबा स्वतः आले. चित्राकडे त्यांनी पाहिलंच नाही. फळीवरून हात फिरवला, पुन्हा फिरवला.

"मामा, हितं तिची बोटं व्हती."

  आता नवं लावणारं कुणी उरलं नाही, हे आम्हा दोघांनाही त्याच क्षणी कळलं. आबा रागावले असते तर बरं झालं असतं. ते मामांचे आभार मानून गेले.

मामांचं जेवणावरचं लक्ष उडालं. शेवटी मला म्हणाले, निमोण्याला ने. माझ्या गाडीवर आम्ही दोघं गेलो. आबांनी आम्हाला खाटेवर बसवलं, सुनेला चहा ठेवायला सांगितला. मामा म्हणाले, "आबा, मी पोराला इचारलं. तुमाला इचारायला पायजे व्हतं."

"तुमचं काय चुकलं, मामा? टीव्ही बेस चालतोय."

टीव्ही खरंच चालू होता, बातम्या लागल्या होत्या. पण तो आडवा फिरवून ठेवलेला. पडदा भिंतीकडे, आणि ती चकचकीत फळी आबांच्या बसायच्या जागेसमोर.

मामांनी कपातला चहा तसाच खाली ठेवला. त्यानंतर ते हयात होते तोवर त्यांनी कुणाच्या टीव्हीला हात लावला नाही.