झुडपी जंगलातला दुसरा डिव्हिजन

आमचं फुटबॉलचं मैदान सरकारच्या लेखी जंगल होतं. हे आधीच सांगून टाकते. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो, आणि त्याचं हसून झाल्याशिवाय पुढचं सांगता येत नाही.

मूल गावाच्या बाहेर, राइस मिलांच्या मागे, सपाट उघडी जागा. झुडूप म्हणाल तर एक नाही. पोरांच्या दोन पिढ्या तिथे खेळल्या, गुरं चरली, लग्नाचे मांडव पडले. पण इंग्रजांच्या काळात कुणीतरी कागदावर लिहून ठेवलं होतं, झुडपी जंगल. ऐंशी सालचा वनसंवर्धन कायदा आला आणि कागदावरचे ते दोन शब्द जिवंत झाले. तेव्हापासून तिथे एक खड्डा खणायचा तर परवानगी दिल्लीची. विदर्भातल्या किती शाळा, किती स्मशानं, किती बसस्टँड या शब्दांखाली अडकलेत ते मी पत्रकांतून घसा बसेपर्यंत लिहिलंय. इथे एकाच सीझनचं सांगायचं आहे.

मी नुकतंच कॉलेज संपवून याच प्रश्नावर काम करणाऱ्या संघटनेत पूर्णवेळ आले होते. पत्रक लिहायचं, सायक्लोस्टाइल करायचं, बाजारात उभं राहून वाटायचं. फुटबॉल मला कळत नव्हता. ऑफसाइड अजूनही नीट कळत नाही. क्लबात मी गेले ती मैदानासाठी.

क्लब चालवायचे एक टेलर मास्टर. बाजारात त्यांचं दुकान. टीमच्या जर्सी ते स्वतः शिवायचे आणि खेळाच्या हाफ पँटला खिसे लावायचे. खिशाशिवाय पँट त्यांच्या हातून निघतच नसे. फॉरवर्ड कुरकुरला, "मास्टर, खिशात काय ठेवू, गोल?" तर म्हणाले, "मारशील तवा ठेव."

त्या वर्षी टीम तिसऱ्या डिव्हिजनमधून दुसऱ्यात चढली होती. मिलवाल्यांनी खूश होऊन पाच-सहा खेळाडूंना पगारावर ठेवलं. अट एकच होती. दुसऱ्या डिव्हिजनमध्ये आहात तोवर पगार, खाली घसरलात की राम राम.

पगारी खेळाडूंपैकी एक आमचा गोलकीपर. सगळे त्याला गोलीच म्हणत. सिरोंचाचा, गोदावरीकाठच्या मासे धरणाऱ्या घरातला. गोलमध्ये उभा राहून बॅकना तेलुगूतून ओरडायचा. बॅकना तेलुगू येत नव्हतं, पण तो आवाज ऐकून ते बरोबर तिकडेच पळायचे. बायको आणि लहान मुलीला घेऊन तो मिलच्या खोलीत राहायला आला होता. मुलगी बालवाडीत जायला लागली होती. मला तो अक्का म्हणायचा. पहिल्याच ओळखीत त्याने मला सरळ सांगितलं, "अक्का, लीग गेली तं मी गेलो. बायको म्हणते, पोरीले आता मासे धराले पाण्यावर नाई नेत."

दुसऱ्या डिव्हिजनची पहिली भानगड कुंपणाची. तिसऱ्यात कुणी विचारत नव्हतं. दुसऱ्यात लीगवाल्यांचा नियम होता की मैदानाला कुंपण पाहिजे. नसेल तर घरची मॅच नाही, गुण समोरच्याला. मास्टरांनी सिमेंटचे खांब आणि काटेरी तार आणून टाकली. दुसऱ्या दिवशी सायकलवर नाकेदार हजर. नाकेदार म्हणजे जंगल खात्याचा गार्ड, आमच्याकडे सगळे नाकेदारच म्हणतात.

"मास्टर, खांब गाडता नाई येत. जंगल हाय हे."

"कुठी हाय जंगल? दाखव मले. एक झाड दाखव."

"झाड नाई, तरी जंगल हाय. मी काय करू? मले काय मजा येऊन राह्यली का?"

मी मध्ये पडले आणि कायद्यावर बोलायला लागले. नाकेदाराने शांतपणे ऐकून घेतलं. मग मास्टरांना विचारलं, "ही पोरगी कोणाची?"

खांब परत गेले. त्यानंतर मास्टरांच्या डोक्यात ती कल्पना आली. दुकानात बसून ते म्हणाले, "खांब गाडता येत नाई. झाड तं लावता येते?" जंगलात झाड लावायला कोण मनाई करणार?

खात्याने रोपं आनंदाने दिली. करंज, शिवण, बांबू. पावसाळ्यात सगळी टीम चिखलात उतरली आणि मैदानाच्या चारी कडांना रोपं लावली. रोपांच्या मधे बांबूच्या कमच्या सुतळीने बांधल्या. एकही खांब गाडला नाही. मीही पत्रक काढलं, 'मैदान वाचवा, झाड लावा.' दिवाळीनंतर लीगचा माणूस पाहणीला आला. कमच्यांना हात लावून बघितला, हसला आणि म्हणाला, "कुंपण म्हणजे कुंपण." पास झालो.

सीझन सुरू झाला. घरची पहिली मॅच जिंकलो. बाहेरच्या मॅचला मिलचा मेटाडोर मिळायचा, पोत्यांवर बसून जायचो. परत येताना सगळ्यांच्या अंगाला कोंडा. बाहेर बहुतेक हरलो, पण फार मोठ्या फरकाने नाही. गोली होता ना. घरी एक बरोबरी, आणखी एक विजय. संक्रांतीपर्यंत आम्ही टेबलाच्या मध्यावर होतो आणि मास्टर गिऱ्हाइकांचे कपडे उशिरा द्यायला लागले होते.

मग एका सकाळी मैदानाच्या तोंडाशी हिरवा बोर्ड उभा राहिलेला. 'रोपवन क्षेत्र. चराई व प्रवेश मनाई.'

आम्ही लावलेली झाडं जगली होती. चूक असेल तर एवढीच. खात्याच्या स्वतःच्या रोपवनांत काय जगतं ते तालुक्याला ठाऊक आहे. इथे पोरं रोज सरावानंतर बादलीने पाणी घालायची, म्हणून सगळं हिरवं. झाडं फक्त कडेला होती, पण कागदावर अख्ख्या गट नंबरचंच रोपवन झालं. आधी झाडाशिवाय जंगल होतं, आता झाडांसकट झालं. आणि खांब गाडायला मनाई होती तिथे खात्याने स्वतःचा बोर्ड दोन लोखंडी खांबांवर, खाली सिमेंट ओतून गाडला होता. कुणाची परवानगी घेतली ते मी विचारलं.

मी निवेदन घेऊन रेंजर साहेबांकडे गेले. त्यांनी चहा पाजला, झाडांचं कौतुक केलं. म्हणाले, रोपं मोठी होईपर्यंत चार-पाच वर्षं तर बंदी ठेवावीच लागेल, आम्हाला वर दाखवायचं असतं. घोषणा दिल्या, पत्रक काढलं, रस्त्यावर बसलो. पुढची घरची मॅच आली तेव्हा पाहुणी टीम बसमधून उतरली आणि नाकेदार बोर्डाखाली उभा. रेफ्रीने वहीत वॉकओव्हर लिहिला आणि सगळे परत गेले. त्याच्या पुढच्याही मॅचला तेच. आम्ही घसरत घसरत शेवटून दुसरे झालो. शेवटचा खाली जाणार होता. घरची एक मॅच उरली होती. ती खेळलो आणि निदान बरोबरीत सोडवली तर वाचणार, वॉकओव्हर गेला तर संपलं.

गोलीच्या बायकोने सामान बांधायला घेतलं होतं. हे मला मास्टरांच्या घरून कळलं. गोली रस्त्याच्या कडेला एकटाच, मिलच्या भिंतीवर बॉल आपटून झेलत बसायचा.

तोड काढली नाकेदाराने. मला वाटायचं हा माणूस खात्याचा दगड आहे. तो मास्टरांच्या दुकानात पँट अल्टर करायला आला आणि सहज म्हणाला, "प्रवेश मनाई हाय, बरोबर. पण रोपवनात गवत कापाले जाता येते. तसा पास भेटते. विळा घेऊन आत जायचं, गवत घेऊन बाहेर यायचं. आता मंधात कोणी बॉल खेळला तं मी काय प्रत्येकाच्या पायाकडे पाहू?"

मास्टर आनंदाने उडालेच. मी तिथेच होते आणि मी सरळ नाही म्हटलं. "पास घेतला की आपण लेखी कबूल केलं, हे जंगल आहे. उद्या कोर्टात हाच कागद आपल्या तोंडावर मारतील. इतकी वर्षं भांडतोय ते कशासाठी?"

"बेटा," मास्टर म्हणाले, "तुहा लढा चांगला हाय. पण तो कवा जिंकशील?"

"वर्षं लागतील."

"माही मॅच रविवारी हाय."

"मॅचसाठी मैदान द्यायचं का?"

"मैदानासाठी गोली द्यायचा का? तू सांग. त्याच्या बायकोले जाऊन सांग, मी इथी बसतो."

मी सांगायला गेले नाही. पण ऐकलंही नाही. म्हटलं, तुम्ही पास घ्या, मी विळा हातात घेणार नाही.

रविवारी दुपारी मूल गावातले अर्धे पुरुष आणि बऱ्याच बाया विळे घेऊन मैदानाकडे निघाल्या. धान केव्हाच कापून झालं होतं, विळे घरोघरी रिकामेच होते. नाकेदार तोंडाशी उभा राहून प्रत्येकाचा विळा बघून आत सोडत होता. नागपूरहून आलेला रेफ्री ही गर्दी बघून बसच्या पायरीवरच थांबला.

"ये क्या है? हथियार लेके पब्लिक आएगी तो मैं मॅच नहीं खेलाऊंगा."

"साहेब, हत्यार नाई," मास्टर म्हणाले, "तिकीट हाय."

पाहुण्या टीमसाठी मास्टरांनी शेजारपाजारचे विळे गोळा करून ठेवले होते. त्यांचा कॅप्टन, शिकलेला, शूज चकाचक, विळा दोन बोटांत धरून आत गेला. मागून कुणीतरी ओरडलं, "भाऊ, उलटा धरला!" रेफ्रीलाही एक दिला. त्याने शिट्टी एका हातात आणि विळा दुसऱ्या हातात घेऊन मैदानात पाय ठेवला. मग सगळे विळे एका गोलच्या मागे ढीग करून ठेवले आणि खेळ सुरू झाला.

मी रस्त्यावर उभी होते. कमच्यांच्या फटीतून बघत. आत मास्टर, आत नाकेदार, आत माझ्या मोर्च्यात घोषणा देणारी सगळी पोरं, आणि बाहेर मी आणि एक गाय. खरं सांगते, राग येत होता, आणि मॅचही बघायची होती.

खेळ कसला, पहिल्या हाफपासून आमची टीम मागेच दबलेली. बरोबरी पुरे होती म्हणून मास्टरांनी सगळ्यांना मागे ठेवलं होतं. बॉल सारखा आमच्याच गोलकडे. गोली तेलुगूत ओरडत होता, पडत होता, उठत होता. एकदा बॉल त्याच्या छातीवर असा आदळला की आवाज रस्त्यापर्यंत आला. दुसऱ्या हाफमध्ये त्यांचा फॉरवर्ड एकटाच सुटला. गोली पुढे धावला. मी डोळे मिटले नाहीत, पण कमची हातात मोडली एवढं आठवतं. बॉल त्याच्या पायाला लागून बाहेर गेला. आतल्या बायांनी एकच गिल्ला केला. त्यांना नियम माझ्यापेक्षा जास्त कळत होते की काय कोण जाणे.

शून्य-शून्य. शिट्टी वाजली आणि लोक मैदानात घुसले, आणि नाकेदार विळ्यांच्या ढिगावर चढून ओरडायला लागला, "कोणी घरी जायचं नाई! पास गवताचा हाय! गवत कापल्याशिवाय मी कोणाले सोडत नाई!"

आधी सगळे हसले. मग कळलं तो खरंच बोलतोय. दोन्ही टीम, बाया, रेफ्री, सगळे कडेच्या वाळक्या गवतात बसले आणि कापायला लागले. पाहुण्या कॅप्टनला एका म्हाताऱ्या बाईने मूठ कशी धरायची ते दाखवलं. गोलीला विळा चालवता येत नव्हता, तो कापलेल्याचे भारे बांधत होता, जाळं बांधतात तसल्या गाठीने. कमच्यांजवळ आला तेव्हा मला म्हणाला, "अक्का, आत ये ना आता."

"माझ्याजवळ विळा नाही."

"माहा घे."

"नको," मी म्हटलं. त्याने एक भारा उचलून कुंपणावरून गायीपुढे टाकला आणि गेला.

पुढचं मी म्हटलं होतं तसंच झालं. पुढच्या वेळी निवेदन घेऊन गेले तर रेंजर साहेबांनी ड्रॉवर उघडून पासाची नक्कल टेबलावर ठेवली. तुमच्याच क्लबने रोपवनात गवत कापायची परवानगी मागितली, मग आता मैदान कशाचं? मी तडक मास्टरांच्या दुकानात गेले. रागाने सगळं सांगितलं. ते मशीनवर होते, पाय थांबवला नाही.

"त्या कागदात खोटं काय हाय? कापलं का नाई आपण गवत?"

"तुम्ही कापलं. मी नाही."

"तं मंग तू लढ," मास्टर म्हणाले. "तुहे हात साफ हाय."

मला त्यावर बोलायचं होतं, पण त्यांचं लक्ष नव्हतं. पुढच्या सीझनच्या जर्सीचं कापड आलं होतं. त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि बाकावर मुलीला मांडीवर घेऊन बसलेल्या गोलीला म्हटलं, "उठ बे, हात वर कर." त्याने मुलगी माझ्याकडे दिली आणि दोन्ही हात वर करून उभा राहिला.