टँकरच्या रांगेतले पांढरे गोळे

माझी सून जमिनीची मोजणी करते. लग्न ठरलं तेव्हा नात्यातल्या बायकांनी विचारलं, पोरगी तलाठी आहे का? मी म्हटलं, नाही, कंपनीत आहे, उन्हात तीन पायांचं स्टँड लावून उभी राहते. स्वयंपाक तिला आवडत नाही. मला आवडतो. त्यामुळं आमचं बरं चाललंय.

मी सांगते ते दुष्काळाच्या वर्षातलं. आमची शेंद्र्याची जमीन कारखान्यांच्या वसाहतीत जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि आम्ही शहराच्या कडेला घर बांधून राहत होतो. आसपास रोज नवं घर उठत होतं. नळ मात्र आले नव्हते आणि बोअर आटले होते. टँकर एक दिवसाआड यायचा आणि लिंबाच्या झाडाखाली थांबायचा. तिथून भांड्यांची रांग मागं पिठाच्या गिरणीपर्यंत आणि कधी त्याच्याही पलीकडं.

शहर वाढलं तसं रस्ते रुंद करायचे, पाइप टाकायचे, अशी मोठी कामं निघाली. सुनेच्या कंपनीला त्याच्या मोजणीचं काम मिळालं. जुन्या मशीननं एकेक जागा धरून मोजायची म्हटलं तर पोरांची लग्नं होतील, असं ती म्हणायची. म्हणून नवं लेसरचं मशीन घ्यायचं ठरलं. हे मशीन एका जागी उभं राहून डोकं गोल फिरवतं आणि समोर जे दिसेल त्याचे लाखो ठिपके घेतं. भिंत, तार, शेळी, काही सोडत नाही. त्या ठिपक्यांचं चित्र कॉम्प्युटरवर उठतं आणि त्यावरून पाहिजे ते मोजता येतं.

दोन विक्रेते दोन मशीनं घेऊन आले. त्यातलं कोणतं घ्यायचं हे ठरवायचं काम साहेबांनी सुनेवर टाकलं. एवढं मोठं काम तिच्याकडं पहिल्यांदाच आलं होतं. तिनं निवडलेलं मशीन नंतर फसलं तर सगळी मोजणी तिच्या डोक्यावर बसणार आणि ती परत ऑफिसात नकाशांवर रेघा मारत बसणार. हे तिनं मला सांगितलं नाही. मुलानं सांगितलं.

विक्रेते म्हणाले, तुमच्या ऑफिसच्या आवारात दाखवतो. ही म्हणाली, तिथं फरशी आहे, सावली आहे, पाहुण्यांपुढं सगळीच पोरं शहाणी असतात. माझ्या गल्लीत या. आमच्या गल्लीत तारा लोंबतात, पत्र्याची घरं आहेत, छपरांवर काळ्या टाक्या आहेत आणि धुळीचा फुफाटा तर विचारू नका. साहेबांनी टोमणा मारला की जेवायला घर जवळ पडावं म्हणून गल्ली निवडलीस का? थोडं तेही असेल.

सकाळी तिनं गल्लीच्या कडेनं बुटक्या स्टँडवर पांढरे गोळे ठेवले, नारळाएवढे. मशीन एका जागेवरून सगळी गल्ली बघू शकत नाही. जागा बदलून बदलून चित्रं घ्यावी लागतात, आणि ती एकमेकांना जोडायची ती या गोळ्यांवरून. आपण कापड शिवायच्या आधी खुणा जुळवतो तसं. गोळ्यांच्या जागा तिनं आधी जुन्या, खात्रीच्या मशीननं मोजून ठेवल्या. मग पहिलं मशीन लागलं. ते जड होतं. त्यानं काम नीट केलं, पण ऊन चढल्यावर तापलं आणि बंद पडलं. विक्रेता त्याच्यावर छत्री धरून उभा राहिला. सुनेनं ते लिहून घेतलं.

दुपारी मी सगळ्यांना जेवायला आत बोलावलं. पिठलं, भाकरी, ठेचा. जेवणं चालू असताना बाहेर टँकर आल्याचा गोंधळ झाला. आमच्या घरातलं पाणी दोन दिवस पुरेल एवढं होतं, म्हणून मी उठले नाही.

जेवण झाल्यावर दुसरं मशीन लागलं. हलकं, एका हातानं उचलण्यासारखं. भर उन्हात ते एकदाही थांबलं नाही. सुनेला ते आवडलं होतं, हे तिच्या चालण्यावरून कळत होतं.

संध्याकाळी तिनं दोन्ही चित्रं जुन्या मोजणीवर बसवून पाहिली. पहिल्याचं बरोबर बसलं. दुसऱ्याचं बसेना. घरं वाकडी झाली, आमचं घर सरकून गिरणीत घुसलं. दुसऱ्या मशीनचा विक्रेता म्हणत होता की असं कधी होत नाही, मॅडम, एकदा परत बघा. विकणारा दुसरं काय म्हणणार? तो गेला. सकाळी साहेबांना निकाल द्यायचा होता.

ती ओट्यावर कॉम्प्युटर घेऊन बसली. मी ताट आणून ठेवलं.

"मला हेच पाहिजे होतं, आई," ती म्हणाली. "पण आकडे नाही म्हणतात."

मी म्हटलं, आकडे नाही म्हणत असतील तर नाही. जेव आधी.

एका हातानं घास घेत ती दुसऱ्या हातानं चित्रं पुढं-मागं करत होती. मग तिचा घास थांबला. तिनं कॉम्प्युटर माझ्याकडं वळवला. सकाळच्या चित्रात गिरणीच्या दारासमोर एक गोळा होता. त्याच्या पुढं शेजारणीचा ड्रम, मागं कुणाच्या तरी दोन घागरी. दुपारच्या चित्रातही तसंच, पुढं ड्रम, मध्ये गोळा, मागं घागरी. पण बाजूला गिरणीचं दार नव्हतं. किराणा दुकानाची पायरी होती.

ती माझ्याकडं बघत राहिली. मला मात्र लगेच कळलं.

टँकरच्या रांगेत आमच्याकडं माणसं उभी राहत नाहीत, भांडी राहतात. ज्याचं भांडं त्याचा नंबर. माणूस घरी असो, कामावर असो, रांग पुढं सरकली की मागचा माणूस त्याचं भांडं उचलून पुढं ठेवतो. न ठेवणाऱ्याला वर्षभर ऐकून घ्यावं लागतं.

आम्ही शेजारणीकडं गेलो. ती दारात लसूण सोलत बसली होती.

"काकू, दुपारी आमचे गोळे कुणी हलवले?" सुनेनं विचारलं.

"हलवले कशाला म्हणतीस? पुढं घेतले. मीच घेतले."

"ते मोजणीला ठेवले होते."

"मंग रांगेत कशाला ठेवले?" शेजारीण म्हणाली. "तुम्ही सगळे आत जेवत बसलात. नंबर जाऊ दिला असता तर ही तुझी सासू मलाच बोलली असती."

बोललेच असते मी.

"सगळेच सरकवले का?"

"रांगेतले. तो नाल्यापाशी एकटाच व्हता, त्याला कोण हात लावतंय? आन तुमच्या एकाचा तर नंबर बी आला व्हता. भांडं नाय, माणूस नाय. टँकरवाला मला विचारतो, ह्याच्यात पाणी कुठून भरू?"

सून तिथंच पायरीवर बसली आणि हसत सुटली. शेजारणीला राग आला. लोकांचं भलं करावं आणि वर त्यांनीच हसावं, असं ती म्हणाली आणि लसूण घेऊन आत गेली.

घरी आल्यावर हसू संपलं. आता साहेबांना सांगायचं होतं. गल्ली निवडली म्हणून आधीच टोमणा बसलेला. माझा मुलगा म्हणाला, वाऱ्यानं हलले म्हण, परत करून घेऊ. मी म्हटलं, वारा काय एकेक गोळा उचलून रांगेत पुढं नेऊन ठेवतो का? खरं ते सांगून मोकळी हो.

तिनं अंगणात उभं राहून फोन लावला. "सर, दुसरं मशीन चुकलेलं नाही. गोळ्यांपाशी मी माणूस ठेवला नाही, ती चूक माझी," असं म्हणून तिनं सगळं सांगितलं, शेजारणीच्या लसणासकट. साहेबांचा आवाज मोठा होता, मला आतपर्यंत आला. आपल्या आवारात केलं असतं तर हे झालंच नसतं, असं ते म्हणाले.

"हो सर," ती म्हणाली. "मग ते गुलमंडीच्या बाजारात झालं असतं, काम चालू असताना."

साहेबांनी आणखी एक दिवस दिला.

परत मोजणी केली ती टँकर नसलेल्या दिवशी. या वेळी तिनं गोळे कमी ठेवले आणि काळ्या-पांढऱ्या चौकटींचे कागद भिंतींवर चिकटवले. भिंत कुणी पुढं सरकवत नाही. शेजारीण न बोलावता येऊन बसली आणि दिवसभर गोळ्यांपासून शेळ्या हाकलत राहिली. राग तिचा फार टिकत नाही.

दुसऱ्या मशीनचं चित्र या वेळी बरोबर बसलं. तरी ते काही देवानं धाडलेलं नव्हतं. छपरांवरच्या काळ्या टाक्या त्याला धड दिसत नव्हत्या, आणि एक मालट्रक गेला तेव्हा उडालेल्या धुळीची त्यानं भिंत करून ठेवली. लांबचं पाहण्यात पहिलं मशीन पुढं होतं, दूरची पाण्याची टाकी त्यात स्वच्छ आली होती. सुनेनं हे सगळं लिहिलं आणि खाली लिहिलं की आपलं काम उन्हातलं आणि गल्लीबोळातलं आहे, म्हणून दुसरं घ्यावं. आधीच्या दिवशी काय झालं तेही लिहिलं. साहेबांनी ते खोडलं नाही. मशीन आलं आणि मोजणीही तिच्याच हाताखाली दिली.

पुढच्या महिन्यात मी लुगडं घ्यायला गुलमंडीत गेले होते. दुकानाच्या पायरीवरून ती दिसली. भर रस्त्यात मशीन डोकं फिरवत होतं आणि ती हातगाडीवाल्यांना, स्कूटरवाल्यांना बाजूला व्हा म्हणत होती. तिच्या कंपनीची माणसं जागोजागी उभी होती, ती सांगेल तसं करत होती. मी हाक मारली नाही. ती कामात होती. लुगड्याचा रंग पक्का आहे का ते दुकानदाराला दोनदा विचारलं, घडी पिशवीत टाकली आणि रिक्षानं घरी आले.