सरंजामे मॅडमचं 'येते'

सरंजामे मॅडमच्या वर्गातून 'जातो' म्हणून कोणाला बाहेर पडता येत नसे. अबू धाबीतल्या त्यांच्या शाळेत मराठी मुलं मोजकीच, पण त्यांना मॅडम दारातून परत बोलवायच्या. "जातो काय? जायचं ते एकदाच. येतो म्हण." मुलं "येतो, मॅम" म्हणून सुटायची. मॅडम मूळच्या मिरजेच्या, इतिहास शिकवायच्या. दर वर्षी दहावीच्या मुलांना युरोपातलं एखादं जुनं शहर दाखवायला न्यायच्या. तिथे कोणी फोन वर धरला की म्हणायच्या, "फोटो नंतर. आधी भिंतीला हात लाव. सहाशे वर्षं उभी आहे बिचारी."

गेल्या महिन्यात दुबईत एका मराठी घरी जेवायला गेलो होतो. कोणीतरी तो जुना किस्सा काढला: प्रागच्या चौकात मुलीला विसरून गेलेल्या मास्तरीणबाई. "शॉपिंगला गेली असेल बया," एक जण म्हणाला, आणि सगळे हसले. मी खाली मान घालून जेवत राहिलो.

त्या बाई दोन वर्षांपूर्वी मिरजेत वारल्या. ती मुलगी माझी. आणि तो किस्सा मीच तयार केलेला आहे. त्या हसणाऱ्यांचा मला संताप आला होता. घरी पोचेपर्यंत तो माझ्यावर उलटला आणि अजून उतरलेला नाही.

इरा आमची एकुलती एक, उशिरा झालेली. माझा एक जुना सहकारी प्रागमध्ये राहायचा, त्याची बायको तिथल्या विद्यापीठात शिकवायची. पुढे प्रवेशाला उपयोग होईल म्हणून इराने प्रागच्या सहलीतली एक दुपार त्यांच्याकडे घालवावी, असं मी परस्पर ठरवून टाकलं. मॅडमना ते पसंत नव्हतं. दुपारी चौकातून त्यांचा फोन आला.

"साहेब, तुमचे स्नेही दिसत नाहीत. माणूस डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी मुलगी सोडत नाही."

मित्राने मला 'निघतोच' एवढंच कळवलं होतं. आपल्यात 'निघतोच' म्हणणारा माणूस अजून आंघोळीलाही गेलेला नसतो, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी म्हणालो, "अहो, पोचलाच आहे तो. गाडी लावतोय. मी बाप सांगतोय ना? निघा तुम्ही, बाकीची मुलं खोळंबलीत."

पुलापलीकडच्या किल्ल्यात शिरायची वेळ ठरलेली, दुसऱ्या शिक्षिका पुढे गेलेल्या. बाई माझ्या शब्दावर विसंबल्या. इराला म्हणाल्या, "काका पोचलेच आहेत, त्यांच्याबरोबर जा. येते हं."

मित्र घरून निघालाच नाही. इराच्या फोनची बॅटरी संपली. त्या चौकातल्या जुन्या घड्याळातून दर तासाला पुतळे बाहेर येतात. तिने ते तीनदा पाहिले. मॅडम किल्ल्यावरून मला फोन करत होत्या आणि मी ऑफिसात फोन मुका करून मीटिंगमध्ये बसलो होतो. शेवटी बाकीची मुलं दुसऱ्या शिक्षिकेवर सोपवून त्या पूल ओलांडून धावत परत आल्या. इरा भिंतीला हात लावून बसली होती.

मुलांकडून ही गोष्ट पालकांत पसरली. "उद्या आमच्या मुलांचं असं झालं तर?" मी पालक समितीवर होतो. तेव्हा खरं सांगितलं असतं तर माझी अब्रू गेली असती, दुसरं काही नाही. चौकशीत मॅडमनी माझ्या फोनचं सांगितलं. मी म्हणालो, "तो येईल, एवढंच मी बोललो होतो."

मुख्याध्यापक मराठी नव्हते. त्यांनी इराला विचारलं, मॅडम जाताना शेवटचं काय बोलल्या?

"शी सेड येते."

"मीनिंग?"

इराने माझ्याकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "सर, दॅट्स हाऊ वी से गुडबाय." मुख्याध्यापक माझ्याकडे वळले. "यू आर मराठी, सर. इज दॅट सो?"

मी म्हणालो, "लिटरली, इट मीन्स आय ॲम कमिंग."

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. बाईंनी मुलीला 'आलेच' सांगून तीन तास वाऱ्यावर सोडलं, असं कागदावर उतरलं. इराला पुढे कोणी काही विचारलं नाही. घरी येताना गाडीत ती म्हणाली, "बाबा, यू नो व्हॉट येते मीन्स." मी रेडिओ मोठा केला. ती पंधरा वर्षांची होती. तिच्याकडे कोणी बोट दाखवू नये.

मॅडमची नोकरी गेली, नोकरीबरोबर व्हिसा. सतरा वर्षांचा संसार महिनाभरात खोक्यांत भरावा लागला. निघायच्या आदल्या दिवशी मी खलिफा सिटीत त्यांच्या घरी गेलो. माफी मागायला गेलो, असं आजवर स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे त्या कोणाला काही बोलल्या नाहीत ना, ते बघायला गेलो होतो. त्यांनी खोक्यावरची पुस्तकं उचलून मला बसायला जागा केली, चहा दिला.

"भाषांतर मात्र अचूक केलंत हं, साहेब," एवढंच म्हणाल्या.

चहा संपवला. उठलो. दारात चपला घातल्या आणि सवयीने तोंडातून निघालं, "येतो, मॅडम."

"नाही," त्या म्हणाल्या. दार धरून उभ्या होत्या, आवाज अगदी वर्गातला. "तुम्ही जातो म्हणा."

मी म्हणालो.