आवाज वाढला का, मामी?

आमच्या घरात बोलायचं काम अत्ती करतात. अत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, कानडी बोलणारं. तिकडं सासूला अत्ती म्हणतात, म्हणून लग्नापासून मीही तेच म्हणत आले.

मी घरी कडक भाकरी करून विकते. ज्वारीची पातळ भाकरी थापायची, भाजायची आणि खुटखुटीत होईपर्यंत वाळवायची. गिऱ्हाईक दाराशी येतं तेव्हा मी आत तव्यापुढं असते आणि अत्ती उंबऱ्याजवळ पाट टाकून बसलेल्या असतात. भाव त्याच सांगतात, भाकरी मोडून कुरकुर आवाज त्याच ऐकवतात. तो आवाज त्यांना स्वतःला मात्र येत नाही, कारण त्यांचे कान गेली काही वर्षं मंद झालेत. त्याचा आमच्या धंद्याला फायदाच झाला. कुणी घासाघीस करायला लागलं तर अत्ती नुसत्या हसतात आणि पिशवी पुढं करतात. बिचारं माणूस दोनदा बोलून बघतं आणि पैसे देऊन जातं. मला हे जन्मात जमलं नसतं. परक्या माणसापुढं माझी जीभ टाळूला चिकटते.

अशा अत्ती अकलूजला जायला निघाल्या. सण नाही, लग्नकार्य नाही, आणि पंधरा दिवसांसाठीही नाही. तिकडंच राहायचं म्हणून निघाल्या.

कारण टीव्ही. आमच्या टीव्हीचा रिमोट पीठ मळायच्या पाण्यात पडला. मीच कट्ट्यावर ठेवला होता. वाळवला, उन्हात ठेवला, तांदळाच्या डब्यात ठेवला, पण तो गेला तो गेलाच. बाजारातून दुसरा आणला, तो चालला नाही. टीव्ही भिंतीवर ठोकलेला, त्याच्या मागचं बटण आत घुसून बसलेलं. त्यामुळं ज्या दिवशी रिमोट गेला त्या दिवशी आवाज जेवढा होता तेवढाच राहिला. आणि तो होता अगदी बारीक, कारण आमच्या ह्यांना पहाटेच्या पाळीला जायचं असतं आणि ते लवकर झोपतात.

मग अत्ती स्टूल घेऊन टीव्हीला कान लावून बसायला लागल्या. कान टीव्हीला लावला की तोंड भिंतीकडं. चित्र आम्ही बघायचो, आवाज त्या ऐकायच्या. "आता कोण रडतंय गं?" असं त्या मला विचारायच्या आणि मी सांगायची. हसायला यायचं, पण त्यांना त्याचा कंटाळा आला होता हे मला दिसत होतं. त्यात आमच्या केबलला कानडी वाहिनी नाही. घरात कानडी बोलणारं कुणी उरलं नाही. सासरे गेले, ह्यांना कानडी समजतं पण हे मराठीतच उत्तर देतात. मला निम्मं कळतं, तेही रागावलेलं जास्त कळतं, कारण सुरुवातीच्या वर्षांत तेच जास्त कानावर पडलं.

अकलूजला माझ्या दिरांकडं मोठा टीव्ही आहे, दणदणीत आवाजाचा. दीर फोनवर म्हणाले, आई, इकडंच ये आता. रविवारी न्यायला येतो. अत्तींनी पिशवी काढली, दोन इरकली लुगडी घडी करून आत ठेवली आणि मला म्हणाल्या, "तुझं काय चुकलं न्हाय गं. पण हे घर मला लई मुकं झालंय."

दिवसभर माझा हात चालेना. अत्ती गेल्या तर उंबऱ्यावर कोण बसणार, हा एक प्रश्न. पण खरं म्हणजे ज्याच्यापुढं मी लाजत नाही असं माणूस या घरात एकच आहे, अत्ती.

मुलीला पुण्याला फोन केला. ती म्हणाली, आमच्याकडं टीव्हीला मागं लावायची एक कांडी पडून आहे. आम्ही नवा टीव्ही घेतला, त्यात ते सगळं आतच आहे. पाठवते. त्या कांडीवर कानडी मालिकासुद्धा दिसतात, आणि तिचा जो रिमोट आहे त्याला नीट शिकवलं तर तो तुमच्या टीव्हीचा आवाजही कमी-जास्त करतो. फक्त कोणता टीव्ही आहे ते त्याला एकदा कळलं पाहिजे.

शुक्रवारी सकाळी पार्सल आलं. त्या दिवशी ह्यांना कामावर उशिरा जायचं होतं. अत्तींनी त्या कांडीला विभूतीची तीन बोटं लावली, नवीन वस्तूला लावतात तशी. ह्यांनी टीव्हीच्या मागची केबलची वायर काढून त्या जागी ती खोचली, माझ्या फोनवरचं इंटरनेट जोडून दिलं आणि तो फोन माझ्या हातात ठेवून आंघोळीला गेले. पुढचं मुलगी फोनवरून सांगणार होती. पण फोन लागला तर समोर जावई. मुलगी दवाखान्यात नर्स आहे, तिला अचानक कामावर बोलावलं होतं.

जावई स्वभावानं फार चांगले. पण जावई ते जावई. मी पदर सावरला, फोन पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला आणि त्यांना टीव्ही दिसेल असा फिरवला. त्यांनी एकेक सांगितलं, मी एकेक दाबलं. पडद्यावर हिंदी अक्षरं होती, ती मला सावकाश वाचता येतात. टीव्हीच्या कंपन्यांची भली मोठी यादी आली. आमच्या टीव्हीवरचं नाव पुसून पुसून कधीच गेलेलं. जावई म्हणाले, काही हरकत नाही, शेवटी 'दुसरा कोणता' असं असेल, ते घ्या.

मग टीव्हीनं आपणहून एक गाणं लावलं. आवाज वाढवायचं बटण दाबा, असं पडद्यावर आलं. मी दाबलं. गाणं होतं तसंच बारीक चालू राहिलं. खाली दोन चौकोन आले, एकात हाँ, एकात नहीं.

"आवाज वाढला का, मामी?" जावयांनी विचारलं.

वाढला नव्हता. पण जावयाला नाही म्हणायचं नसतं हे मला माझ्या आईनं शिकवलेलं. जावई म्हणाले आमटी छान झाली, तर हो. जावई म्हणाले आता निघतो, तर थांबा म्हणायचं, पण नाही म्हणायचं नाही. सकाळची कामाची वेळ सोडून ते माझ्यासाठी बसलेले. त्यांनी एवढं सांगितल्यावर तोंडावर नाही म्हणायचं म्हणजे त्यांचं चुकलं असं म्हणण्यासारखं झालं असतं.

"हो, वाढला," मी म्हणाले आणि हाँ दाबलं.

"वाढला, वाढला," स्टुलावरून अत्तीही म्हणाल्या. त्यांना गाणं चालू आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. पण जावई विचारतायत तर त्या तरी नाही कशा म्हणतील?

जावई खूश झाले. बघा मामी, किती सोपं असतं, म्हणाले. त्यांनी एक कानडी मालिका लावून दिली आणि फोन ठेवला.

पडद्यावर बायका कानडीत भांडत होत्या, हे ओठांवरून कळत होतं. मी आवाजाचं बटण दाबून दाबून अंगठा दुखवून घेतला. अत्तींनी स्टूल पुढं ओढलं, कान टीव्हीला लावला, थोडा वेळ तशाच बसल्या. मग "केळसंगिल्ल," एवढं म्हणाल्या आणि उठल्या. ऐकू येत नाही, म्हणजे. हा शब्द मला चांगला कळतो. त्यांनी चष्म्याचं घर उचललं आणि पिशवीत टाकलं.

संध्याकाळी हे कामावरून आल्यावर त्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, मग परत फोन कर की त्यांना. मी म्हणाले, काय सांगू? सकाळी खोटं बोलले म्हणून सांगू?

"म्हणजे जावयाला हो आणि नवऱ्याला खरं," हे म्हणाले आणि इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग स्वतः रिमोट घेऊन बसले, दोनचार बटणं दाबली आणि रिमोट हातात धरूनच झोपले.

शनिवारी दुपारी भाकरीचं काम आटोपलं. हे अजून कामावरून आले नव्हते. अत्ती भिंतीला टेकून डुलकी घेत होत्या, पिशवी त्यांच्या शेजारीच. मी हात धुतले, पुसले, परत पुसले आणि टीव्हीसमोर मांडी घालून बसले. आदल्या दिवशी जावयांनी कुठून कुठं नेलं होतं ते आठवत गेले. एक चक्राचं चित्र होतं, ते सापडलं. त्याच्या आत रिमोटचं नाव. एकदा चुकून भलतीकडंच गेले, माघारी आले. परत ती कंपन्यांची यादी, परत शेवटचं 'दुसरा कोणता', आणि परत तेच गाणं सुरू झालं.

बटण दाबलं. आवाज वाढला नाही. पडद्यानं विचारलं, वाढला का?

समोर फोनवर जावई नव्हते. कुणी बघत नव्हतं. मी नहीं दाबलं.

टीव्हीला काहीच वाटलं नाही. बरं, आता हे करून बघा, असं म्हणून त्यानं पुन्हा गाणं लावलं. पुन्हा दाबलं, पुन्हा विचारलं, पुन्हा नहीं. त्याचा चेहरा पडला नाही, त्यानं का म्हणून विचारलं नाही, मनात धरून ठेवलं नाही. मला त्याचं फार बरं वाटायला लागलं. आधी नुसतं दाबत होते, मग तोंडानंही म्हणायला लागले. नाही. अजून नाही. छे, मुळीच नाही. किती वेळा म्हणाले ते मोजलं नाही, पण एवढे नकार मी आयुष्यात सगळे मिळून दिले नसतील. आवाजही माझा वाढत गेला असणार, कारण अत्ती जाग्या झाल्या.

"कुणाला न्हाय म्हणतीस?" त्यांनी विचारलं.

"टीव्हीला," मी ओरडून सांगितलं.

"म्हण की. माझ्या वाटणीचं बी एक म्हण."

त्यांच्या वाटणीचंही म्हटलं. आणि त्याच्या नंतरच्या खेपेला बटण दाबलं तर गाणं असं उसळलं की कट्ट्यावरच्या ताटल्या थरथरल्या. अत्ती दचकून सरळ बसल्या. मला नहींची इतकी सवय झाली होती की अंगठा तिकडंच निघाला होता. कसाबसा आवरला आणि हाँ दाबलं. मग कमी करून बघितलं, कमी झाला. वाढवून बघितलं, वाढला. टीव्ही बंद केला, तोही झाला. परत लावला.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. जावयांनी विचारलंय, आवाज नीट चाललाय ना? मी म्हणाले, सांग त्यांना, त्यांनी दाखवलं तसंच केलं.

मालिका लावून मी रिमोट अत्तींच्या हातात दिला. वाढवायचं कुठलं, कमी करायचं कुठलं, ते त्यांचं बोट धरून दाखवलं. त्यांनी स्टूल मागं नेलं, आणखी मागं नेलं, अगदी समोरच्या भिंतीला लावलं. कितीतरी दिवसांनी त्या टीव्हीकडं तोंड करून बसल्या. आवाज एवढा मोठा होता की दाराशी भाकरी घ्यायला आलेली बाई आत डोकावून म्हणाली, घरात भांडण चाललंय की काय? अत्तींचं लक्षच नव्हतं, म्हणून मीच उठून तिला भाकऱ्या दिल्या. तिनं भाव विचारला, तोही मी सांगितला. खालच्या मानेनं सांगितला, पण सांगितला.

मी आत येऊन तवा घासायला बसले. टीव्हीतली म्हातारी सुनेला तोडून बोलत होती आणि अत्ती मान डोलवत होत्या. मध्येच एका वाक्याला त्या मोठ्यानं हसल्या आणि माझ्याकडं वळून बघितलं. मी हसले नाही, कारण मला कळलंच नव्हतं. त्या तशाच बघत राहिल्या. मग रिमोट डोळ्यांजवळ नेला, बटण शोधलं आणि आवाज कमी कमी करत पार बारीक करून टाकला.

मी म्हणाले, "अहो अत्ती, कमी का केलात? ऐकू येणार नाही तुम्हाला."

"मला आलं ऐकू. तुला कुटं कळलं?" त्या म्हणाल्या. "बा इल्ली. हितं बस. ही म्हातारी काय म्हणाली बघ, तुला सांगते."

आणि त्यांनी ते वाक्य आधी कानडीत म्हटलं, माझ्याकडून म्हणवून घेतलं, मग मराठीत सांगितलं. तोवर पडद्यावर पुढची दोन भांडणं होऊन गेली. त्यांना त्याचं काही नव्हतं. शेजारची पिशवी पायानं जरा बाजूला सारून त्यांनी मला बसायला जागा केली आणि म्हणाल्या, त्यातली लुगडी उद्या बाहेर काढून ठेव, घडी मोडल्याशिवाय नेसायला बरी वाटत नाहीत. आणि धाकट्याला फोन लाव, त्याला म्हणावं, एवढी गोष्ट हिला समजावून होईपर्यंत काही मला यायचं जमत नाही.