रिसीव्हर आणि तिसरा तुकडा

"अकरा चॅनेलचाच रिसीव्हर घेऊन टाकू. एकदाच काय तो खर्च," असं म्हणत वैद्य सरांनी पुण्याच्या एका शोरूमचं कोटेशन माझ्यापुढे ठेवलं. खिडकीतल्या वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर पाण्याचा ग्लास ठेवला.

मी ग्लास उचलून कागद दोन्ही बाजूंनी वाचला. तेवढ्यात बरी सेकंडहँड गाडी आली असती.

"सर, अकरा स्पीकर ठेवणार कुठे?"

"ते तुम्ही बघा. मला डायलॉग स्वच्छ हवेत. हिला हल्ली काही कळतच नाही." मग स्वयंपाकघराकडे तोंड करून, शेजारच्या बंगल्यातही ऐकू जाईल अशा आवाजात, "अगं, युसूफ आलेत! चहा टाक!"

"ओरडू नका," आतून काकू म्हणाल्या.

गेली बावीस वर्षं मी होम थिएटर बसवण्याचं आणि दुरुस्त करण्याचं काम करतो. दुकान लोणावळ्यात आहे आणि गिऱ्हाइकं कुसगावपासून कार्ल्यापर्यंत. वैद्य सर तळेगावच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे. निवृत्तीनंतर त्यांनी कुसगावात छोटा बंगला घेतला. तिथलं होम थिएटर मीच बसवलेलं: पाच स्पीकर, एक सबवूफर, एक रिसीव्हर.

रिसीव्हर म्हणजे काय, हे मी गिऱ्हाइकांना असं सांगतो. पोस्टात टपाल वाटायला बसलेला माणूस असतो ना, तो. वायरीतून सगळा आवाज एकगठ्ठा येतो. गाणं डाव्या-उजव्या स्पीकरला, धमाके सबवूफरला, मागची गर्दी मागच्या स्पीकरला, हे तो वाटून देतो. आणि माणसांचं बोलणं बहुतेक सगळं मधल्या स्पीकरला. टीव्हीच्या खाली आडवा पडलेला असतो तो. लोक त्याच्याकडे बघतही नाहीत.

सरांनी आवाज खाली आणला आणि खरं कारण सांगितलं. दिवाळीपासून काकूंना सिनेमातलं बोलणं कळेनासं झालं होतं. आधी त्या "काय म्हणाला?" असं विचारायच्या. मग विचारणं बंद झालं. मग संध्याकाळी हॉलमध्ये येऊन बसणंच बंद झालं. काकू वाचनालयात दर शनिवारी नाट्यवाचन बसवायच्या. मागच्या महिन्यात तिथेही त्यांनी सांगून टाकलं की आता दुसरं कोणी बघा, मला ऐकू येत नाही. मुलीने पुण्यात कानाच्या डॉक्टरची मंगळवारची वेळ घेतली होती.

"एकवीस वर्षं नाट्यवाचन केलंय तिने," सर म्हणाले. "मशीन लागलं तर लागू दे. पण घरातला आवाज तरी तिच्यासाठी उत्तम हवा."

मी कागद पुढे ओढला आणि एकेक ओळ घेतली.

"हा 8K म्हणतोय. तुमचा टीव्ही 4K आहे आणि तुम्ही बघता जुनी नाटकं. हे पैसे वाया."

"बरं."

"छतातले चार स्पीकर. तुमचं छत उतरतं, वर कौलं. आवाज डोक्यावर पडायच्या ऐवजी भिंतीवर पडेल. वाया."

"पण जास्त वॅट म्हणजे जास्त स्वच्छ ना?"

"जास्त वॅट म्हणजे जास्त मोठा, सर. स्वच्छ नाही. या खोलीत आत्ता आहेत तेवढेच तुम्ही कधी पूर्ण वापरले नाहीत."

शेवटी कागदावर एकच गोष्ट उरली. नव्या रिसीव्हरबरोबर छोटा माइक येतो. तो खोलीत ठेवला की रिसीव्हर स्वतः आवाज काढून, ऐकून, खोलीच्या मानाने जमवून घेतो. जुन्यातही ही सोय होती, पण प्राथमिक. नव्यात खूप सुधारलीय. त्याला मात्र पैसे मोजावेत. त्यासाठी अकरा चॅनेल लागत नाहीत, मधल्या किमतीचा सात चॅनेलवालाही चालतो. तो माझ्याकडे मिळतो, हेही मी सांगून टाकलं. धंदा आहे, लपवायचं कशाला?

सरांना पटलं. मी मापं घ्यायला टीव्हीसमोर गुडघ्यावर बसलो. शेवंता मावशी तिथेच फरशी पुसत होत्या. मावशी कुसगाव गावठाणातल्या, बंगल्याची बारमाही देखभाल त्यांच्याकडे. मी त्यांना हळूच म्हणालो, "मावशी, माझ्या चहात साखर नको म्हणावं. शुगर निघालीय."

"कधी निघाली शुगर?" आतून काकूंनी विचारलं.

मी टेप हातात धरून थांबलो. मधे दोन भिंती होत्या. गॅसवर चहा उकळत होता. मी मावशींशी जवळजवळ कुजबुजलो होतो. ज्या बाईला तिथून माझी शुगर ऐकू आली, तिला समोर बसून डायलॉग का ऐकू येऊ नयेत?

खरं तर हा प्रश्न मला आधी पडायला हवा होता. माझे उस्ताद म्हणायचे की नवीन विकण्याआधी जुनं ऐक. मी कोटेशन वाचत बसलो आणि जुनं ऐकलंच नव्हतं.

रिसीव्हरमध्ये टेस्ट टोन नावाची सोय असते. एकेका स्पीकरमधून आळीपाळीने फक्त 'श्श' असा आवाज येतो. मी तो लावला. डावा स्पीकर, श्श. कढईत फोडणी पडावी तसा खणखणीत. मग मधला. तिथे 'श्श' नव्हतंच. गोधडीत तोंड घालून कोणी 'हूं' म्हणावं तसं काहीतरी आलं. उजवा पुन्हा खणखणीत.

मी मधल्या स्पीकरची जाळी ओढली. जाळी निघताना टक असा आवाज होतो. आत, स्पीकरच्या तोंडावर नीट बसवलेला पांढऱ्या फ्लॅनेलचा जाड तुकडा होता. मागून प्लॅस्टिक शिवलेलं, कडेला पिवळा दोरा.

इथे लोणावळ्याच्या हवेबद्दल सांगायला हवं. पावसाळ्याचे चार महिने इथे कपाटातल्या चपलांवरसुद्धा बुरशी चढते. स्पीकरचा पडदा कागदाचा असतो, तो तर तिला फारच आवडतो. वैद्य मंडळी जून ते सप्टेंबर मुलीकडे नाशिकला जातात, सरांना दमा आहे म्हणून. अशा बंद राहणाऱ्या घरांत मी जूनमध्ये जातो आणि जाळीच्या आत पुढच्या तिन्ही स्पीकरवर एकेक तुकडा बसवतो. ऑक्टोबरमध्ये जाऊन काढतो. ही माझी स्वतःची पद्धत आहे आणि तिचा मला थोडा गर्वही आहे. तुकडे माझी बायको शिवते. पिवळा दोरा तिचाच.

सर वाकून बघत होते. त्यांचा पारा चढला.

"मावशी, हे काय? आत कापड कोणी कोंबलं?"

मावशी ओले हात पदराला पुसत आल्या. त्यांनी तुकड्याकडे बघितलं. "मीच आसंल, सर. पावसाळ्यात मी समद्यालाच झाकत आसती. ध्यानात न्हाई बगा."

खोटं सांगत नाही, दोन-तीन सेकंद मी गप्प राहिलो. मावशींनी विषय स्वतःवर घेतला होता. सर रागावले असते, पण दोन दिवसांत विसरले असते. या सोसायटीतले सात बंगले माझ्याकडे आहेत आणि सातही सरांच्या शब्दावर आलेले. मी गप्प राहिलो असतो तर कुणालाही कळलं नसतं. आणि जिने कधी त्या जाळीला हात लावला नव्हता, ती बाई बोलणी खात उभी राहिली असती.

"सर, हे मावशींनी घातलेलं नाही. हे माझं आहे. जूनमध्ये मी बसवलं आणि ऑक्टोबरमध्ये काढायचं राहिलं."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी जे घडलं ते सांगितलं. ऑक्टोबरच्या त्या दिवशी मी डावा उघडला, उजवा उघडला आणि कार्ल्याच्या एका हॉटेलातून फोन आला. लग्न चालू होतं आणि माइक बंद पडला होता. मी पिशवी उचलून पळालो. संध्याकाळी डायरीत 'वैद्य' या नावापुढे बरोबरची खूण केली. तुकडे मोजले नाहीत.

"व्हय," मावशी हळूच म्हणाल्या, "तुमी मलाच सांगितलंतं की, त्या जाळीला हात लावू नको म्हून."

"सांगितलं होतं, मावशी. चुकलं माझं."

काकू चहा घेऊन दारात आल्या होत्या. सगळं ऐकलं होतं, अर्थातच. त्यांनी ट्रे ठेवला, फ्लॅनेलचा तुकडा हातात घेतला आणि बोटांनी त्याची जाडी बघितली.

"म्हणजे माझे कान..."

"कानांचं डॉक्टर सांगतील, काकू. पण दिवाळीपासून या खोलीत कोणालाच डायलॉग नीट ऐकू आले नसणार. सर, तुम्हाला येत होते?"

सर जरा चाचरले. "मी पडद्यावर खाली येणारी अक्षरं वाचतो. मला वाटलं सगळेच वाचतात."

"माझ्या मोतीबिंदूनंतर ती पळतात माझ्यापुढे," काकू म्हणाल्या. "तुम्ही हसलात की मी हसायचे. मग त्याचाही कंटाळा आला."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या रडल्या नाहीत, नुसत्या तुकड्याकडे बघत राहिल्या. मला इतकी लाज वाटली की मी चहा तसाच ठेवला. रिसीव्हर बंद पाडला असता तरी मला एवढं लागलं नसतं. एक बाई नाट्यवाचन सोडून बसली होती आणि त्याचं कारण माझ्या बायकोने शिवलेलं होतं.

मी जाळी बसवली, जुन्याच रिसीव्हरचा जुना माइक काढला आणि खोली पुन्हा जमवून घेतली. वीस मिनिटांचं काम. मग सरांनी एक नाटकाचं जुनं रेकॉर्डिंग लावलं. खालची अक्षरं मी बंद केली. एक पात्र दुसऱ्याकडे पाठ करून काहीतरी पुटपुटतं. काकू खुदकन हसल्या. सर हसले नाहीत, त्यांना ते कळलंच नव्हतं.

"काय म्हणाला?" त्यांनी विचारलं.

काकूंनी त्यांना सांगितलं. मोठ्याने, सावकाश, शब्द तोडून तोडून, सर एरवी काकूंना सांगायचे अगदी तसंच. मावशी तोंडाला पदर लावून मागे फिरल्या.

रिसीव्हर घेतला नाही. अकराचाही नाही आणि माझा सातचाही नाही. मंगळवारी काकू डॉक्टरांकडे गेल्या, कान वयाच्या मानाने ठीक निघाले. निघण्याआधी त्यांनी तिथेच सरांचीही तपासणी करून घेतली. सरांना आता उजव्या कानात मशीन आहे. शनिवारचं नाट्यवाचन काकूंनी पुन्हा हातात घेतलं आहे.

कोणी रिसीव्हर बदलायचा म्हणून फोन केला, तर मी आता कोटेशन बघतच नाही. आधी टेस्ट टोन लावतो, मग जाळ्या काढतो. निम्म्या लोकांचा खर्च तिथेच वाचतो आणि माझा धंदा तिथेच बुडतो. चालायचंच. डायरीत मी बरोबरची खूण करणं सोडलं आहे. किती तुकडे बसवले आणि किती काढले, तो आकडा लिहितो.

यंदा ऑक्टोबरमध्ये वैद्यांकडे स्पीकर उघडायला गेलो. डाव्याची जाळी काढली, टक. उजव्याची काढली, टक. तुकडे पिशवीत टाकले आणि मधल्यासाठी खाली बसत होतो, तोच गुडघा दुखला म्हणून क्षणभर थांबलो.

"युसूफ," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "दोनदाच वाजलं."

"काढतोय, काकू," मी म्हणालो आणि जाळी ओढली.