वॉर्डातली एक्सोसूटची ट्रायल

"मॅडम, इथं सही करा. आजच ऑर्डर देतो," मोठे डॉक्टर म्हणाले.

टेबलावर एक काळा सूट पडला होता. सूट म्हणजे कोट-पँट नव्हे. खांद्यांना दप्तरासारखे पट्टे, दोन्ही मांड्यांना पट्टे आणि पाठीवरून खाली गेलेलं जाड इलॅस्टिक. ह्याला एक्सोसूट म्हणतात. आपण वाकलो की इलॅस्टिक ताणतं आणि उठताना तेच आपल्याला वर ओढतं. मोटर नाही, बॅटरी नाही.

आमचं बेळगावात पुनर्वसन केंद्र आहे. पॅरालिसिस झालेले, मणक्याचं ऑपरेशन झालेले पेशंट पार निपाणीपासून येतात. मी तिथं फिजिओथेरपिस्ट. पेशंटचे हातपाय चालते करणं हे माझं काम. त्यांना दिवसभर उचलणाऱ्या आमच्या अटेंडंट बायकांच्या पाठी सांभाळणं हेही मी माझ्याकडे घेतलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं.

"पाठीवरचा लोड कमी होतो," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे पेशंट उचलायला दोघींच्या जागी एक पुरे."

"असं कोण म्हणतं सर?"

"रिसर्च आहे की." त्यांनी सूट घेऊन आलेल्या कंपनीच्या इंजिनिअरकडे बोट केलं. त्यानं कागदांचा गठ्ठा तेवढा पुढं सरकवला.

मी गठ्ठा घरी नेऊन वाचला. पेपर खोटे नव्हते. सूट घातला की पाठीच्या स्नायूंना कमी काम पडतं, हे यंत्र लावून मोजलेलं होतं. पण मोजलं कुणावर? बहुतेक तरुण, धडधाकट माणसांवर, लॅबमध्ये, थोडा वेळ. आणि उचलायला काय दिलं? खोका. वर्षानुवर्षं सूट वापरणाऱ्यांची पाठदुखी खरंच कमी होते का, ह्याचा भक्कम पुरावा मला त्यात सापडला नाही.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना म्हटलं, "मी नाही म्हणत नाही. आधी आपल्या वॉर्डात ट्रायल घेऊ. निम्म्या जणी सूट घालतील, निम्म्या बिनसूटच्या. मग अदलाबदल."

"आयतु, ठीक आहे, घ्या. पण लवकर."

पहिली अडचण साडीची. मांडीला पट्टा बांधायचा तर साडीवर कसा बांधणार? पेपरात हे कुठंच नव्हतं. तिथं सगळ्यांनी पँट घातलेली. मी ऑपरेशन थिएटरमधल्या हिरव्या पँट मागवल्या. हिंडलग्याच्या सुमनआक्का आमच्याकडच्या सगळ्यांत जुन्या अटेंडंट. पँट हातात धरून त्या हसत सुटल्या.

"मॅडम, सुना आल्या घरात, आन् आता मी पँट घालू व्हय?"

घातली. मग बाकीच्याही तयार झाल्या.

ड्यूटी संपली की मी प्रत्येकीला गाठायची. "बरं वाटलं का?" असं विचारायचं नाही, कारण मॅडमला बरं वाटावं म्हणून सगळ्याच हो म्हणतात. कुठं दुखतंय? कुठल्या कामाला सूट काढून ठेवला? असं विचारायचं.

उत्तरं सरळ एका बाजूची नव्हती. चालताना पट्टे मांडीला काचत. उन्हाळ्यात पाठ घामानं भिजे. जिने चढताना सगळ्याच जणी सूट काढत. पण वाकून पेशंटचं अंग पुसायचं, बेडवरची चादर बदलायची, ह्या कामांना सगळ्यांना फरक वाटला.

"घरला गेल्यावर म्हशीची धार काढाय बसले, तर कंबर गप्प," सुमनआक्का म्हणाल्या. "लई दिसानं गप्प."

मला सूटवर जरा रागच होता. त्या वाक्यानं तो उतरला.

मग एका सकाळी खानापूरकडच्या एका आप्पांना बेडवरून खुर्चीत घ्यायचं होतं. ह्याला आम्ही ट्रान्सफर म्हणतो. आप्पा अंगानं भरदार, डावी बाजू गेलेली. सुमनआक्का सूट घालून समोर, रेणुका नावाची दुसरी अटेंडंट बाजूला, मी दाराशी. उठता उठता आप्पांना वाटलं, आपण पडतोय. त्यांनी चांगल्या हातानं आक्कांच्या सूटचा पट्टा धरला आणि सगळं वजन त्यावर टाकलं. आक्का एका अंगाला पिळवटल्या. इलॅस्टिक वर ओढतं. आडव्या झटक्याला त्याचा काही उपयोग नसतो.

मी पोचायच्या आत रेणुकानं आपला गुडघा आप्पांच्या लुळ्या गुडघ्याला टेकवला, त्यांच्या कमरेला बांधलेला आधाराचा पट्टा धरला आणि दोघींनी मिळून त्यांना अलगद परत बेडवर बसवलं.

"आप्पा, आमी हाय न्हवं? पडू देतोय व्हय तुमास्नी?" आक्का धापा टाकत म्हणाल्या.

गुडघ्याला गुडघा लावायचं मीच शिकवलं होतं. पण शिकवताना कुणाचा जीव घाबरलेला नसतो. त्या दोघींकडं बघून माझा ऊर भरून आला.

ट्रायल संपल्यावर मीटिंग झाली. मी सगळं सांगितलं.

"म्हणजे सूट फेल?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही सर. सूटनं त्याचं काम केलं. पेशंट घाबरला. लॅबमधला खोका घाबरत नाही."

"एका शब्दात सांगा. हो की नाही?"

"वाकून करायच्या कामाला हो. एकटीनं पेशंट उचलायला नाही."

डॉक्टर इंजिनिअरकडं वळले. त्यानं घसा साफ केला. "सर, एक माणूस कमी करता येईल असं आमची कंपनी कुठंच म्हणत नाही. त्या दिवशीच बोलायला पाहिजे होतं मी."

सुमनआक्कांना मी मुद्दाम बोलावलं होतं. डॉक्टरांनी त्यांनाही विचारलं.

"सूट ऱ्हाऊ द्या, बेस हाय," त्या म्हणाल्या. "पर रेणुकाला काढू नगा."

डॉक्टरांनी ऑर्डरचा कागद पुढं ओढला. शेवटी त्यांनी मोजकेच सूट घेतले आणि एकही बाई कमी केली नाही. मी सही केली. सहीच्या वर 'ट्रान्सफरला दोघीच' असं लिहून केली. हिरव्या पँट आता आमच्या वॉर्डाचा युनिफॉर्म आहेत. दुसऱ्या हॉस्पिटलांतून लोक सूट बघायला येतात, तेव्हा दाखवायला सुमनआक्काच पुढं असतात.

कुणी रिसर्चचा गठ्ठा पुढं केला की मी तो आवर्जून वाचते. फक्त शेवटचं, निष्कर्षाचं पान आधी उघडत नाही. आधी बघते, उचललं कुणी आणि उचललं काय.